गावच्या तलावावर पहिल्यांदा गळ टाकताना

माण-खटाव, आटपाडी, सांगोला या आमच्या दुष्काळी पट्ट्यात फिरताना डोंगराच्या पायथ्याला एखादा मातीचा बांध दिसतो आणि त्याच्या पोटाशी थोडंसं पाणी. यातले कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळातले आहेत. हाताला काम नव्हतं तेव्हा बायका-पुरुषांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना पाझर फुटावा म्हणून हे पाझर तलाव उभे राहिले. मासे त्यात नंतर आले. ही गोष्ट आधी सांगतो, कारण गळ घेऊन काठावर बसणाऱ्या माणसाला आपण कशाच्या काठावर बसलोय ते ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

सुट्टीच्या दिवशी हल्ली शहराकडची पोरं, कधी अख्खी कुटुंबं, नवी कोरी रॉड घेऊन तलावावर येतात. मला आनंदच होतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काका, गळाला काय लावायचं?’ माझ्या मते तो प्रश्न बराच पुढचा आहे. त्याआधी दोन-तीन गोष्टी कराव्या लागतात आणि खरा फरक तिथेच पडतो.

तलाव कुणी घेतलाय?

तलाव सार्वजनिक असला तरी त्यातले मासे सार्वजनिक असतीलच असं नाही. बहुतेक गावतलाव ग्रामपंचायतीकडे असतात, पाझर तलाव बऱ्याचदा जिल्हा परिषदेकडे, मोठे सिंचनाचे तलाव जलसंपदा विभागाकडे. मासेमारीचा ठेका मात्र एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेला असतो. त्या लोकांनी पदरचे पैसे घालून बोटुकली आणलेली असते. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशाची पिल्लं. पावसाळ्यात तलाव भरला की ती सोडतात, वर्षभर राखण करतात आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळी लावून विकतात. तुम्ही मजेत काढलेला दोन किलोचा कटला हा कुणाच्या तरी घरखर्चाचा भाग असतो.

म्हणून आधी विचारायचं. त्यासाठी कुठलं कार्यालय शोधत बसायला नको. गावातल्या चहाच्या टपरीवर ‘तलाव कुणी घेतलाय?’ एवढं विचारलं की नाव कळतं. किंवा बांधावर जाळं वाळत टाकलेलं असेल तिथे थांबायचं. माणूस भेटला की रामराम घालायचा आणि सरळ बोलायचं, ‘मामा, दोन तास गळ टाकून बसलो तर चालेल का? एखादा मोठा लागला तर तुमच्या भावाने पैसे देतो.’ मी हे वाक्य कितीदा तरी बोललो असेन, आणि बहुतेक वेळा उत्तर आलंय ते ‘बसा की, फक्त जाळ्याच्या बाजूला जाऊ नका.’ कुठे शुल्क घेतात, तिथे द्यायचं आणि पावती मिळत असेल तर घ्यायची. कुठे नाही म्हणतात. मग नमस्कार करून परत फिरायचं, कारण नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे.

पूर्व विदर्भात ही गोष्ट आणखी जपून करावी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मालगुजारी तलाव आमच्या पाझर तलावांपेक्षा कितीतरी जुने आहेत. कोहळी समाजाने ते बांधले आणि ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर जगत आलाय. तिथे तलावाला सण-वार, रीतीभाती आहेत. गावातल्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय पाण्याजवळ जाऊच नये.

शहरातल्या तलावांचं वेगळं. ते महापालिकेकडे असतात आणि अनेक ठिकाणी मासेमारीला बंदी असते. काठावरची पाटी वाचा. मुंबईचा पवई तलाव १८९१ सालचा. तिथे हौशी गळकऱ्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे, आणि त्याच पाण्यात मगरीही आहेत. तिथे मनाला येईल त्या कोपऱ्यात बसता येत नाही. आणि जिथे सांडपाणी येतं त्या पाण्यातला मासा, तो कितीही टवटवीत दिसो, घरी नेऊन खाऊ नका.

पहिल्या दिवशी गळ घरी ठेवा

हे ऐकून नवी माणसं हिरमुसतात, पण मी आग्रहाने सांगतो. पहिल्या खेपेला फक्त तलाव बघायचा. सकाळी सहाला या, एक चक्कर मारा, नऊला परत जा. जमलं तर मे महिन्यात या. पाणी तळाला गेलेलं असतं आणि पावसाळ्यानंतर जे झाकलं जाणार आहे ते सगळं उघडं पडलेलं असतं. जुन्या ओढ्याची वाकडी नाळ कुठून जाते, बाभळीची खोडं कुठे आहेत, खडक कुठे, गाळ कुठे, हे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे फोटो पुढे कितीही महागड्या रॉडपेक्षा जास्त कामाला येतात.

त्याच वेळी खड्डे बघून घ्या. बांधाची माती बऱ्याचदा तलावाच्या पोटातूनच उचललेली असते. शिवाय अलीकडे गाळ काढून शेतात नेतात. शेताला तो सोन्यासारखा, पण जेसीबीने उकरलेल्या खड्ड्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या राहतात. पाणी भरल्यावर वरून सगळं सारखंच दिसतं. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला पुरुषभर पाण्यात जातो. तलावांवर जी पोरं बुडतात त्यांतली कितीतरी अशा खड्ड्यांत जातात. त्यामुळे तळ न बघितलेल्या तलावात पाय घालू नका, मग पोहता येत असो वा नसो.

तलाव भरलेला असताना तीन जागा ओळखा. बांधाजवळ पाणी सर्वात खोल असतं. ओढा जिथून आत शिरतो त्या टोकाला आम्ही शेपूट म्हणतो, तिथे पाणी उथळ आणि गवताळ. आणि सांडवा, जिथून जादा पाणी बाहेर पडतं. उन्हाळ्याच्या दुपारी मासा खोलात उतरतो, तर सकाळ-संध्याकाळ शेपटीकडच्या उथळात चरायला येतो. वारा सुटला असेल तर ज्या काठावर लाटा आपटतात तिकडे बसा. वाऱ्याबरोबर खाणं तिकडे लोटलं जातं आणि त्यामागे मासा येतो.

मग पाण्याकडे बघत बसा. तळातून बारीक बुडबुड्यांची रांग पुढे पुढे सरकताना दिसली की खाली मृगळ किंवा सायप्रिनस, म्हणजे तळाला चरणारा मासा, चिखल उकरतोय असं समजा. काठाजवळ ताटाएवढे गोल गोल खड्डे दिसले तर ती चिलापी माशाची घरटी. शेवाळाच्या कडेला एकदाच ‘डुब्ब’ असा आवाज येऊन वर्तुळ उठलं तर तो मरळ, श्वास घ्यायला वर आलेला. मरळाला हवेतून श्वास घेता येतो. पण पहाटे पहाटे सगळेच मासे तोंडं वर काढून आ वासताना दिसले तर ती खाण्याची लगबग नव्हे. रात्रीत पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो आणि मासे अक्षरशः धापा टाकत असतात. अशा वेळी गळ टाकायचा नाही. राखणदार दिसला तर त्याला सांगा, त्याच्यासाठी ही मोठी खबर असते.

पाण्यात कोण कोण आहे

आमच्याकडच्या तलावांत बहुतेक करून कटला, रोहू आणि मृगळ ही तिघं सोडलेली असतात. तिघांची तोंडं नीट बघितली की गळ कुठे टांगायचा हे आपोआप कळतं. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे, अंगावर लालसर झाक, तो मधल्या थरात. मृगळ चांदीसारखा लांबट, तोंड खालच्या अंगाला, तो तळाला. एकाच पाण्यात तिघं सुखाने नांदतात ते यामुळेच.

ही तिन्ही जातींची माणसं साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. (‘माणसं’ म्हणायची सवय मला आमच्या भोई मामांकडून लागली.) त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. सायप्रिनसचं तसं नाही. तोंडापाशी मिशांच्या दोन जोड्या असलेला हा मासा तलावातल्या गवतावरच अंडी देतो.

चिलापी, म्हणजे पुस्तकातली तिलापिया, ही बाहेरची. १९५२ मध्ये ती भारतात आणली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती झपाट्याने वाढते आणि जागा अडवते. नवशिक्याने चिलापीपासूनच सुरुवात करावी. ती काठाजवळ असते, दिवसाढवळ्या खाते, आणि चार काढल्या तरी कुणी रागावत नाही. उलट ठेकेदार खूश होतो.

मरळ, वाम, शिंगटा हे मासे गावठी, चवीला सरस. पावसाळ्यात शेवाळाजवळ पाण्यावर नारिंगी-लाल पिल्लांचा पुंजका एकत्र फिरताना दिसला तर खाली मरळाची जोडी असते. आई-बाप दोघंही पिल्लं राखतात. त्या पुंजक्याजवळ काही टाकलं की मोठा मरळ चवताळून अंगावर येतो आणि अलगद सापडतो, म्हणून काहीजण मुद्दाम तसं करतात. कृपा करून हे करू नका. आई-बाप गेले की तो पुंजका तासाभरात बाकीच्या माशांच्या पोटात जातो.

थाई मांगूर गळाला लागला तर परत पाण्यात सोडू नका, आणि जिवंत तर कुठेच नेऊ नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, कारण तो तलावातलं दिसेल ते खातो. तसंच कुठलाही मासा एका तलावातून उचलून दुसऱ्यात सोडायचा नाही, कितीही प्रेमाने वाटलं तरी.

सामान

पहिल्या वर्षी रीळवाली रॉड घेऊ नका असं माझं मत आहे. दहा-बारा फुटांची कळकाची किंवा चिव्याची, म्हणजे बांबूची, काठी घ्या, शेंड्याला लवचीक हवी. काठीच्या लांबीएवढाच तंगूस बांधा. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोर, ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा पुरे. गळाच्या नंबरात गोम अशी की नंबर वाढला की गळ लहान होतो. चिलापीला १० नंबर, रोहू-मृगळाला ६ किंवा ८.

गळाला जो उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून सपाट करून टाका. मासा सुटेल असं वाटतं, पण दोर ताणलेला ठेवला तर सुटत नाही. आणि लहान मासा परत सोडताना, किंवा तोच गळ तुमच्या बोटात शिरला तर, या दाबलेल्या काट्याला तुम्ही दुवा द्याल. पाच-सहा वर्षांपूर्वी काटा न दाबलेला गळ माझ्या अंगठ्यात आरपार गेला होता. घाईत मागे ओढायचा प्रयत्न केला आणि मांस फाटलं. तसं ओढायचं नसतं. तंगूस कापायचा, गळ आहे तसा ठेवायचा, डॉक्टरकडे जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. तेव्हापासून माझ्या डबीत एकही उभ्या काट्याचा गळ नाही.

तरंगा म्हणजे पाण्यावर तरंगून मासा आल्याची खूण देणारा तुकडा. दुकानात तो प्लॅस्टिकचा मिळतो, पण मोराच्या पिसाचा दांडा किंवा वाळलेल्या ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा त्याहून हलका आणि जास्त बोलका असतो. मोराचं पीस रानात आपोआप गळून पडलेलं सापडलं तरच घ्या. तरंग्याखाली वाटाण्याच्या निम्म्या आकाराचं शिसं, आणि त्याच्याखाली वीतभर अंतरावर गळ.

गाठ एकच शिका, पण ती पक्की. तंगूसाचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवा. ते मूळ दोराभोवती पाच वेढे गुंडाळा. मग टोक मागे आणून नेढ्याजवळच्या पहिल्या फटीतून घाला, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातून पुन्हा घाला. आता थुंकी लावून ओली करा आणि हळू ओढा. ओली का, तर कोरडा तंगूस घासून तापतो आणि नेमका गाठीतच कमकुवत होतो. मोठा मासा तोडून गेला असं जे लोक सांगतात त्यातले निम्मे मासे कोरड्या गाठीने सोडलेले असतात.

आता तो प्रश्न, गळाला काय लावायचं

गांडूळ. सातारा-कोल्हापूरकडे दानवं, कोकणात काडू. उकिरड्याच्या कडेची ओली माती उकरली की मूठभर मिळतात. डब्यात त्याच मातीसकट ठेवा, झाकणाला भोकं पाडा, सावलीत ठेवा. चिलापी, शिंगटा, वाम, सायप्रिनस, सगळे यावर येतात. अख्खं दानवं लोंबतं ठेवलं तर चिलापी शेपटाकडून कुरतडून नेते. म्हणून बोटाच्या पेराएवढा तुकडाच ओवा आणि गळाचं टोक जेमतेम झाकलं जाईल एवढं बघा.

रोहू-मृगळासाठी कणीक. गव्हाच्या पिठात थोडी शेंगदाण्याची पेंड कुटून घाला, चिमूटभर हिंग, आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. हरभऱ्याएवढी गोळी करा. पाण्यात पाच मिनिटं टिकली पाहिजे. हे घरीच वाटीत पाणी घेऊन तपासून बघा. उरलेली पेंड भिजवून तिचे लिंबाएवढे दोन-तीन गोळे बसायच्या जागेसमोर टाका, फार नको. माशाला वास लागावा, पोट भरू नये.

बसणं

वेळ सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत, किंवा चारनंतर दिवस मावळेपर्यंत. मोसम म्हणाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मग फेब्रुवारीअखेरपासून पुढे. थंडीत मासा सुस्त असतो, तो तुमचा दोष नव्हे.

आधी खोली मोजा. गळाला जरा जड शिसं अडकवून काठापासून काठीच्या टप्प्यात सोडा. तरंगा बुडाला तर पाणी जास्त खोल आहे, तरंगा वर सरकवा. आडवा पडला तर खाली घ्या. तरंगा नुसता टोक दाखवत उभा राहिला की गळ तळाला टेकलाय. चिलापी-मृगळासाठी तिथेच ठेवा, रोहूसाठी गळ हातभर वर घ्या.

काठी मांडीवर ठेवा, सावली पाण्यावर पडू देऊ नका, आणि पाय आपटू नका. जमिनीचा हादरा माशाला आपल्या बोलण्यापेक्षा लवकर कळतो. आता तरंग्याची भाषा. टिक-टिक-टिक अशी बारीक कंपनं ही चिलापीची पिल्लं. त्यांना ओढायचं नाही. मृगळ आला की तरंगा आधी थोडा वर उचलल्यासारखा होतो, आडवा पडतो आणि मग सावकाश एका बाजूला चालायला लागतो. इथे नवा माणूस हमखास घाई करतो. मी पुतण्याला शिकवताना त्याच्या मनगटावर माझा हात ठेवून बसलो होतो. तरंगा कलला, त्याचं मनगट उसळलं, मी दाबून धरलं. तरंगा हातभर चालत गेला, टोक बुडालं, पाण्यावर फक्त एक चरा उरला, आणि मग मी हात सोडला. त्याने काठी उचलली तेव्हा ती पार धनुष्यासारखी वाकली. पाऊण किलोचा मृगळ होता. एवढंच शिकायचं असतं, ती हातभर वाट बघणं. काठी उचलायची ती मनगटाने, खांद्याने झटका द्यायचा नाही. रोहू-कटला लागला तर तो पहिल्या धावेला खोलात जाईल, जाऊ द्या, काठी उभी ठेवा आणि दोर ढिला पडू देऊ नका. दमला की आपसूक काठाला येतो. वर घ्यायला हातजाळी किंवा नुसता ओला पंचा चालतो.

हातात आल्यावर

आधी हात ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि परत सोडलेला मासाही मग बुरशी लागून मरतो. गळ आत गेला असेल तर ओढाओढ न करता तंगूस गळाजवळ कापा आणि सोडून द्या.

शिंगटा, शिंगी आणि मांगूर यांच्या कल्ल्यांमागच्या पंखांना काटे असतात. शिंगीचा काटा तर विषारी, हात खांद्यापर्यंत ठणकतो. डोक्याच्या मागून, काट्यांना बोटं लागणार नाहीत असा धरा किंवा फडक्यात धरा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना बरीच उतरते, आणि मग दवाखान्यात जा.

ठेवायचा मासा लगेच मारा, डोक्यावर एक घाव पुरतो. पिशवीत तडफडत ठेवलेला मासा त्यालाही वाईट आणि ताटातही वाईट. घरी पुरेल तेवढंच घ्या. वितीपेक्षा लहान रोहू, कटला, मृगळ दिसला की ती ठेकेदाराने सोडलेली यंदाची बोटुकली आहे हे ओळखा आणि परत सोडा.

पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कोकणात त्यांना चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. पोटात अंडी असतात. त्या दिवसांत सांडव्यावर, ओढ्याच्या तोंडावर सगळं गाव पाट्या, मच्छरदाण्या घेऊन उतरतं. जुन्या काळी लोक थोडे होते, मासे मुबलक होते, निभावून गेलं. आता एकेका ओढ्यातल्या गावठी जाती संपत चालल्यात, हे मी डोळ्यांनी बघतोय. जून ते ऑगस्ट गळ घरी ठेवा, ओढ्याकडे तर फिरकूच नका. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत देवीच्या नावाने महाशीर मासे राखलेत, तिथे कुणी हात लावत नाही. तुम्ही-आम्ही निदान तीन महिने पाळायला काय हरकत आहे? सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं हा तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कुणी करताना दिसलं तर भांडू नका, ११२ ला फोन करा.

घरच्यांना घेऊन आलात तर

तलावावर करण्यासारखं गळाशिवायही पुष्कळ असतं. टिबुकली हा छोटा पाणपक्षी. ती बुडी मारते आणि कुठून वर येईल याची पोरं पैज लावतात. खंड्या, ढोकरी, पाणकावळा, थंडीत वारकरी नावाचे पाणपक्षी आणि बदकं. एक साधी दुर्बीण सोबत असली की पोरांची सकाळ त्यात निघून जाते. डबा घरून आणा, कचरा घरी न्या.

सगळ्यात वाईट कचरा म्हणजे तुटलेला तंगूस. दोन वर्षांपूर्वी शेपटीकडच्या बाभळीला एक ढोकरी उलटी लटकलेली दिसली. पायात तंगूसाचे वेढे, एक पंख पसरलेला. जिवंत होती. पंचा टाकून धरली आणि नखाएवढ्या कात्रीने एकेक वेढा कापला. हाताखाली तिचं काळीज शिवणयंत्राच्या सुईसारखं धडधडत होतं. उडाली, पण पाय लोंबकळत होता. तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. खिशात एक लहान डबी ठेवा, आणि आपला, दुसऱ्याचा, दिसेल तो प्रत्येक तुकडा तिच्यात घाला.

आता जिवाचं बघा. पोरांना काठापासून लांब बसवा, आणि एक मोठा माणूस फक्त त्यांच्याकडेच लक्ष ठेवील असं ठरवून टाका. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्याजवळ येऊ देऊ नका. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. काठी पुढे करा, दोर फेका, साडी फेका, पाण्याचा रिकामा कॅन झाकण लावून फेका. एकाला वाचवायला गेलेले तिघं बुडल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

काठावर शेतीपंपांच्या केबली पडलेल्या असतात, कुठे जोड उघडे असतात. केबल पाण्यात गेलेली दिसली तर त्या बाजूला पाय ओला करायचा नाही. डोक्यावरून तारा जात असतील तर काठी उभी करू नका, कार्बनची रॉड तर नाहीच. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की सामान गुंडाळून गाडीत बसा.

पाण्यात पोहणारा साप बहुधा दिवड असतो, बिनविषारी, त्याला जाऊ द्या. बांधाच्या गवतात आणि पिचिंगच्या, म्हणजे बांधाच्या उतारावर रचलेल्या, दगडांत मात्र घोणस असते, कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. पायात बूट घाला, आधी काठी आपटत चाला. चावलीच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मंत्र-तंत्र नाही. १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं. वाटेत जाताना फोनवरच विचारून घ्या, सर्पदंशाची लस तिथे आहे ना.

घरी आल्यावर

तलावातल्या माशाला चिखलाचा वास असतो, विशेषतः उन्हाळ्यात. तुकडे करून मीठ-हळद चोळा, चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा आणि धुऊन घ्या. वास निघून जातो. आमच्याकडे चिलापी ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर तळतात, मृगळाला मात्र बारीक काटे फार, त्याचं कालवण करा आणि पोरांना वेचून द्या.

गळ गोड्या पाण्याने धुवा, पुसा, खोबरेल तेलाचं बोट लावा आणि बुचाच्या तुकड्यात टोचून ठेवा. तंगूसाचे शेवटचे दोन हात बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर तेवढा कापून डबीत टाका. आणि संध्याकाळी ज्यांचा ठेका आहे त्या मामांना फोन करा, काय लागलं, किती ठेवलं, कुठल्या बाजूला बुडबुडे दिसले, पाण्याला वास येत होता का. ते दिवसभर दुसऱ्या कामावर असतात, त्यांना हे ऐकायचं असतं. आमचे मामा आता पाणी चढलं की मलाच फोन करतात, ‘या रविवारी या, शेपटीकडं चिलापी लागलीय.’